शोभेची टीप

३ फेब्रुवारी, सोमवार

सिस्टर दारात उभी राहून म्हणाली, "आजोबा, पॅड शिवाल का? शंभरेक लागतील, वसतिगृहासाठी." शंभर पॅड म्हणजे पन्नास कोट. समोरच्या मुलींच्या वसतिगृहाला पन्नास कोट कशाला? बँड पथक काढत असतील. विचारलं, "खांद्यात कापूस घालू की फोम?"

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. मग "उद्या नमुना आणते" म्हणाली आणि तोंडाला रुमाल लावून निघून गेली. सर्दी झाली असावी. आरोग्य केंद्रात दिवसभर आजारी माणसं, लागण होणारच. मी दोनदा साबणाने हात धुतले.

दाब १५०/९०. ही वही डॉक्टरांनी दाब लिहायला दिली आहे. नुसता आकडा लिहून पान वाया जातं, म्हणून बाकीचंही लिहितो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नमुना आला. लांबोळकी पट्टी, दोन्ही बाजूंना पंख. म्हटलं, हा खांदा कुठल्या माणसाचा? मग तिने सांगितलं. इंजेक्शन देते तसं, सरळ आणि एका दमात.

कान गरम झाले. मी पँट-कोटाचा शिंपी, बायकांचा साधा झगाही आजवर बेतला नाही. आतून हिचं हसू ऐकू आलं. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. "खांद्यात कापूस घालू का" असं संध्याकाळपर्यंत सात वेळा म्हणून झालं.

मी हिला सांगितलं, नाही म्हणणार आहे. लोक काय म्हणतील?

"लोकांना सांगा, कोट शिवतोय."

६ फेब्रुवारी, गुरुवार

नाही म्हणायला वसतिगृहात गेलो आणि नेमका फसलो. हॉलमध्ये तीस-बत्तीस मुली जमिनीवर बसलेल्या, सिस्टर फळ्यावर पोटाच्या आतलं चित्र काढतेय. मागे फिरणार तोच म्हणाली, "बसा आजोबा. शिवणाऱ्याला माहीत नको?" कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसलो. कान काही भिंतीकडे करता येत नाहीत.

एकाहत्तर वर्षं मला वाटत होतं, ते अंगातलं खराब रक्त. सिस्टर म्हणाली, बाळ येईल म्हणून आत अंथरूण घातलेलं असतं. बाळ आलं नाही की अंग ते बाहेर टाकतं आणि नवं घालतं. त्यात घाण काही नाही. एवढं सोपं! मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत हे शिकवत असतील असं धरून चाललो होतो.

एक मुलगी म्हणाली, "माझी मावशी सांगते, त्या दिवसांत पाणी घातलं की झाड जळतं."

लांब वेणीची एक ताडकन उभी राहिली. तिला सगळ्या वकील म्हणतात. "मी चार महिने मुद्दाम घालतेय. झाड मस्त आहे. मावशीकडे घेऊन जाऊ का?"

मागून कुणीतरी हळूच, "पण कुणाला शिवायचं तर नाही ना?"

"मग आजोबांचं कसं व्हायचं?" वकील म्हणाली. "ते तर सकाळपासून शिवतात."

सगळा हॉल हसला. मीही हसलो, भिंतीकडे बघून. नाही म्हणायचं राहूनच गेलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

१६०/९५. कापड कमी पडेल, सुई मोडेल, वीज जाईल, सिस्टरची बदली होईल. काहीच झालं नाही. दिवस वाया.

१० फेब्रुवारी, सोमवार

काम सुरू. वरून धुऊन मऊ केलेलं सुती कापड, मध्ये टॉवेलच्या कापडाचे दोन थर, खाली रेनकोटसारखं पाणी न झिरपणारं. पंखांना टिचबटण. पहिला नग मनाला येईना. चार वेळा धुतल्यावर आतले थर गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतील. म्हणून मधून चार उभ्या टिपा मारल्या, सगळे थर धरून, गादीवर मारतात तशा. सिस्टरच्या नमुन्यात त्या नव्हत्या. नमुना काढणारं माणूस शिंपी थोडंच असतं? नग कसा देखणा दिसायला लागला.

ही शेजारी बसून टिचबटणं लावत होती. हाताने. "या टिपा कशाला?"

"शोभेला."

"ती कोण बघणार आहे?"

मी विषय बदलला. दुसरं मशीन कापडाखाली झाकून पडलंय, म्हटलं, बस की त्यावर, काम लवकर उरकेल.

"मला नाही येत."

"अठ्ठेचाळीस वर्षं शिंप्याच्या घरात काढलीस."

"काढली."

काज असो, बटण असो, हातशिलाई असो, हिचं काम माझ्याहून सुबक. पण मशीनला वळसा घालून जाते, जसं काही ते चावतं. आवडच नाही. थोडा आळसही असणार. हे वहीत लिहितो, तोंडावर बोलायची माझी छाती नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वकील आली होती, बरोबर एक चिमुकली. वकिलाचं म्हणणं, कापड फुलाफुलांचं घ्या. पोरी पलंगाखाली अंधारात वाळत घालतात, ओलेच वापरतात, मग खाज सुटते. सिस्टर ओरडते, उन्हात घाला. फुलाफुलांचे असले तर दोरीवर रुमाल वाटतील. डोकं आहे पोरीला!

चिमुकली तेवढ्यात खाली सांडलेल्या टाचण्या एकेक वेचून डबीत भरत होती. कायम काहीतरी वेचत असते म्हणून तिचं नाव मुंगी.

"लवकर द्या, आजोबा," वकील म्हणाली. "हिची तारीख विसाच्या आसपास आहे." जे सिस्टरने दार लावून सांगितलं असतं ते हिने उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. मुंगीला आई-वडील नाहीत, एक काका आहे. मागे एकदा वर्गात डाग पडला, तर कुणीतरी तिच्या बाकावर त्या जागी खडूने गोल काढून ठेवला. तेव्हापासून दर महिन्याला ती चार दिवस शाळेत जात नाही. आता शाळेने लिहून दिलंय, या महिन्यात दोन खाडे झाले की नाव कमी करू. शाळेत नाव नाही तर वसतिगृहात जागा नाही. मग काका घेऊन जाणार. त्याने स्थळ पाहून ठेवलंय. मुंगी चौदा वर्षांची आहे.

जाताना मुंगीने डबी माझ्या हातात दिली. "आजोबा, खरंच बाहेर दिसणार नाही ना?"

"मी शिवलेल्या कोटातून कधी पाऊस आत गेला नाही, बाळा."

१५ फेब्रुवारी, शनिवार

साठ नग दिले. सगळे फुलाफुलांचे, प्रत्येकावर चार टिपा, केसाइतकाही फरक नाही. सिस्टर म्हणाली, "किती सुंदर!" १४०/८५. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विसाला अजून दोन दिवस. आपल्याला कसली काळजी? काम चोख दिलंय. तरी टिचबटण ऐन वेळी सुटलं तर? हिला विचारलं. म्हणाली, "तुमचं डोकं सुटेल, बटण नाही."

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी एकच्या सुमाराला मुंगी एकटीच परत येताना दिसली. शाळा चारला सुटते. दप्तर पाठीवर नव्हतं. दोन्ही हातांनी मागे, खाली धरलेलं. जन्मभर माणसांचे कपडे बघितले, दप्तर काय झाकतंय ते मला कळलं.

दोन वाजता सिस्टर आली. धुतलेला नग मशीनवर ठेवला. "खालून उतरलं, आजोबा. कापड तर चांगलं आहे. का ते कळत नाही." एक खाडा लागला. मुंगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आहे, उद्या जाणार नाही म्हणते.

हिने नग उचलला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला. फुलांच्या मधून चार ओळी दिसल्या, बारीक ठिपक्यांच्या. प्रत्येक ठिपक्यातून ऊन येत होतं.

"बघा तुमची शोभा," ही म्हणाली. "सुई गेली की भोक. कडेला चालतं. मध्ये कसं चालेल?"

सिस्टरने विचारलं, "आजी, तुम्हाला कसं माहीत?"

"पस्तीस वर्षं यांच्या दुकानातल्या चिंध्या वापरल्या. टीप असलेली चिंधी कधी घेतली नाही मी."

मला वाटायचं, चिंध्या भांडी पुसायला नेते. मऊ सुती तुकडे मी बाजूला ठेवायचो, उशीत भरायला. हिला अस्तराचे द्यायचो, जाडेभरडे. हे ती सिस्टरला बोलली नाही. माझं मला आठवलं.

पाच वाजेपर्यंत सहा नग नवे केले. मधले थर फक्त वरच्या कापडाला धरले, खालचं कापड कडेनेच जोडलं. मधून एकही टीप नाही. दिसायला अगदीच ओबडधोबड. एकावर भांडंभर पाणी ओतलं. टेबल कोरडं. पुन्हा ओतलं.

"पोहायला नाही निघालीय ती," ही म्हणाली आणि सहाही नग घेऊन स्वतःच गेली. तासाभराने आली.

"काय म्हणाली मुंगी?"

"काही नाही."

"तू काय सांगितलंस?"

"ते तुम्हाला कशाला?"

दाब मोजला नाही. मोजून काय करू? एका पोरीचं आयुष्य मी चार टिपांत उसवलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून दुकानाच्या पायरीवर. येणारे-जाणारे विचारतात, काय शोधताय? म्हटलं, चष्मा. तिसऱ्याने सांगितलं, डोळ्यांवर आहे.

दहाला दहा मिनिटं असताना फाटक वाजलं. पुढे वकील, मागे मुंगी. दप्तर मागे धरलेलं. माझ्याकडे बघितलं नाही. बरोबर आहे. मी तरी का बघावं माझ्याकडे?

एक वाजला. कुणी आलं नाही. दोन वाजले, तीन वाजले. ही जेवायला हाका मारून थकली.

चारला पोरींचा घोळका आला. मुंगीला ओळखायला वेळ लागला. दप्तर एका हातात गरगर फिरवत चालली होती. ते वकिलाच्या डोक्यात बसलं, दोघींचं भांडण झालं. फार छान भांडल्या.

मग मुंगी पायरीपाशी आली. म्हणाली, "आजोबा, पाऊस नाही गेला."

चार वाजता जेवलो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेली. आली. दप्तर पाठीवर.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

महिना संपला, मुंगीचं नाव शाळेत राहिलं. काका फाटकापर्यंत येऊन गेला म्हणे. वकिलाने त्याला फाटकातच गाठून विचारलं, मुलीचं लग्न कितव्या वर्षी करायचं असतं, कायदा माहीत आहे का? मागे सिस्टर उभी होतीच. काका पाणीही न पिता परत गेला.

पुढच्या महिन्यासाठी चौपन्न नग नव्याने करायचे आहेत. खालचं कापड सगळं बदलायचं. एकट्याने होईल का? डोळे, पाठ, गुडघा. १४५/९०.

१ मार्च, शनिवार

राहवलं नाही. विचारलं, "अगं, एकदा खरं सांग. मशीनला कधीच का हात लावला नाहीस?"

ही टिचबटण लावत होती. मान वर केली नाही. "लावला होता. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात. माझे ते चार दिवस होते. तुम्ही ओरडलात, शिवू नको."

आधी आठवेना. मग आठवलं, दुकान भरलेलं होतं. म्हटलं, "अगं, ते तेवढ्या चार दिवसांपुरतं होतं."

"हो. पण पाचव्या दिवशी 'शिव' म्हणाला नाहीत."

उठलो. दुसऱ्या मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं, दोरा ओवून दिला. म्हटलं, "शिव."

टीप वाकडी आली. उसवली नाही.