बर्फाच्या कारखान्यातलं नाक

३ मार्च, मंगळवार

दूध करपलं. मी शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलो होतो! बायको बाहेरून धावत आली— "अहो, नाक आहे की शोभेला लावलंय?"

सर्दी जाऊन पंधरा दिवस झाले. वास तेवढा परत आलेला नाही.

४ मार्च

बायकोने परीक्षा घेतली. माझ्या डोळ्यांवर फडकं. कॉफी— काही नाही. साबण— काही नाही. तिसऱ्याला अंदाजाने ठोकून दिलं, "गुलाब." तो माझाच मोजा होता. ती पोट धरून हसली. मग विचारलं, "कारखान्यात सांगितलंत?"

नाही सांगितलं. कोणत्या तोंडाने सांगू? तिथे माझ्या हातांपेक्षा नाकाला मान. अमोनिया नळ्यांतून फिरतो म्हणून आमचा बर्फ होतो. याच अमोनियापासून शेताचं खत होतं, फरशी पुसायचं औषधही होतं. गुणी गॅस! पण नळीबाहेर पडला की कोणाचा सगा नाही— डोळे, घसा, छाती, सगळं जाळत जातो. जराशी गळती झाली तरी मला आधी कळायची. बावीस वर्षं! धोक्याचा भोंगा बिघडला तेव्हा मॅनेजर म्हणाले होते, "तुमचं नाक असताना दुरुस्तीची घाई कशाला?" मीही तेव्हा फुगलो होतो. आता भिंतीपलीकडच्या शाळेची मधली सुट्टी झाली, पोरांचा कालवा ऐकू आला, की हातातलं काम सोडून मी नळ्या तपासत सुटतो.

६ मार्च, शुक्रवार

युक्ती सापडली! यंत्रघरात माझ्या जोडीला 'मीटर' असतो. दिवसभर दाबाच्या काट्यांकडे बघत बसतो, म्हणून हे नाव. मी आता त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. त्याने नाक आक्रसलं की मी पाना उचलतो. आज तीनदा आक्रसलं. तिन्ही वेळा एकूण एक सांधा तपासला. गळती शून्य. फारच नाजूक नाकाचा दिसतो लेकाचा.

७ मार्च

मीटर म्हणाला, "काका, हल्ली तुम्ही माझ्याकडे फार बघता."

म्हटलं, "जावई शोधतोय." त्याला दोन मुलं आहेत.

९ मार्च, सोमवार

मनाला चैन पडेना म्हणून जुना उपाय केला. गंधकाची काडी पेटवून सांध्यांवरून फिरवली. गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो. तिसऱ्या झडपेशी उठला. बारीक, पण उठला! मीटर तिथून हातभर अंतरावर उभा होता आणि माझ्याकडेच बघत होता. तोंडावर सुरकुतीसुद्धा नाही. त्याला बाहेर काढलं, मास्क चढवला, झडप आवळली. धूर थांबला. 

काडी पेटवायची बुद्धी झाली नसती तर? इतकी लाज कधी वाटली नव्हती. बायको म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ दे. दूध बघायला तरी शिका." उद्या मॅनेजरना सांगतोच.

१० मार्च

मॅनेजर बाहेरगावी. हुश्श झालं! मग त्या हुश्शचीच चीड आली.

११ मार्च, बुधवार

वाट बघवेना. मीटरलाच सांगून टाकलं— मला वास येत नाही बाबा, इतके दिवस तुझ्या तोंडावर कारखाना चालवतोय. तो म्हणाला, "काका, मला तर लहानपणापासूनच येत नाही. तुम्ही टक लावून बघायला लागलात की मला वाटायचं, तुम्हाला वास लागला. म्हणून मी नाक आक्रसायचो."

दोघांनी मिळून यंत्रं बंद केली.