थ्री फेज येईपर्यंत

३ जून

चि. ठमीस,
अ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघे सुजल्याचं तू अगदी शेवटी, हवापाणी कळवावं तसं लिहिलंस. अशा गोष्टी पहिल्या ओळीत लिहाव्यात. असो. आता तू माझ्याकडे राहायला यायचंस, हे ठरलं. दोघी म्हाताऱ्या एका घरात राहू, भांडू आणि एकमेकींच्या गोळ्या हरवू.

खाली शिंप्याचं दुकान, मधे भाडेकरू आणि सगळ्यात वर मी. जिना तुला झेपायचा नाही, म्हणून लिफ्ट बसवते आहे. काल लिफ्टवाला येऊन गेला. मीटरकडे पाहून त्याने मयताला आल्यासारखा चेहरा केला. म्हणे, तुमच्याकडे सिंगल फेज आहे, लिफ्टला थ्री फेज लागेल. फरक काय, असं विचारलं तर म्हणाला, मॅडम, थ्री फेज म्हणजे तीन फेज. एवढं ज्ञान मला बोटं मोजूनही झालं असतं.

विजेच्या ऑफिसात गेले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने पहिलीकडे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जन्मभर लोकांना जोडून दिलं. इथे कुणी कुणाला जोडून देत नाही.

तू शाळेत विज्ञान शिकवायचीस, तूच काय ते समजावून सांग. आणि त्याच्याकडे राहायला जायचा शब्द तुझ्या मुलाला इतक्यात देऊ नकोस.

तुझी,
ताई

११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फरक सांगते. एका पायाने सायकल मारून बघ. पाय खाली जातो तेव्हा जोर लागतो, वर येतो तेव्हा काहीच नाही. सिंगल फेज तशी: जोर येतो, क्षणभर नाहीसा होतो, पुन्हा येतो. थ्री फेज म्हणजे तीन पाय आळीपाळीने मारताहेत असं समज. एकाचा जोर ओसरतो तोवर दुसऱ्याचा चढलेला असतो, त्यामुळे मोठी मोटर न अडखळता फिरते. सिंगल फेजच्या मोटरला तर सुरू होतानाच टेकू लागतो. कंडेन्सर गेलेला पंखा तू काठीने ढकलायचीस, आठवतं? वर ‘आळशी मेला’ अशी शिवीही द्यायचीस.

पण ताई, दोन माणसांपुरती लहान लिफ्ट सिंगल फेजवरही चालते. हळू जाते, एवढंच. आपल्याला कुठे गाडी गाठायची आहे? आणि तीही नको असेल, तर शिंप्याच्या मागची खोली मला दे. तिथे तुझ्या मोडक्या खुर्च्याच तर आहेत. चहाला तू खाली येत जा.

मुलाची बदली झाली आहे. त्याने दोन घरं पाहून ठेवली आहेत, त्यातल्या एकात माझ्यासाठी खोली आहे. कोणतं घ्यायचं ते महिनाअखेर त्याला सांगायचं आहे. सून गुणाची आहे, पण दिवसभर दोघंही कामावर. मी भिंतींना विज्ञान शिकवू का? मला तुझ्याकडेच यायचं आहे. खालची खोली देतेस का, तेवढं कळव.

तुझी,
ठमी

२४ जून

चि. ठमीस,
अ. आ.

सायकल समजली. म्हणूनच सांगते, माझ्या घरात एका पायाची लिफ्ट येणार नाही. मधेच अडकली तर तुला काठीने ढकलू का?

शेजाऱ्याने नवा हटवाद काढला आहे. थ्री फेजची जाड केबल त्याच्या भिंतीवरून यायची, तर म्हणतो, रंग खराब होईल. मी त्याला सांगितलं, की त्या रंगाचं याहून खराब काही होणं शक्य नाही. आता तो सही देत नाही. मी थेट वरच्या साहेबांना तक्रार पाठवली आहे. तिचं इंग्रजी वाचून आमच्या शाळेच्या सिस्टरनीही मान डोलावली असती. उत्तर आलं की त्यावर मी उत्तर देणार आहे.

आता हे तत्त्वाचं झालं आहे. थोडी कळ काढ.

तुझी,
ताई

५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुलाने खोली असलेलं घर घेतलं. मी हो म्हटलं. महिना संपला, त्यालाही किती थांबवणार? पुढच्या आठवड्यात सामान हलेल. तू रागावू नकोस, मीही रागावलेली नाही. तुझ्या पत्रात साहेब होते, शेजारी होता, भिंतीचा रंगही होता. मी दोनदा वाचलं, खोलीचं काही सापडलं नाही.

तुला मला वर न्यायचं होतं, ताई. मला नुसतं तुझ्याजवळ राहायचं होतं.

तुझी,
ठमी

३० ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. आ.

इतके दिवस पत्र लिहिलं नाही. आधी रागाने, मग कोणत्या तोंडाने लिहू म्हणून.

परवा थ्री फेज आली. वरच्या साहेबांनी शेजाऱ्याला समज दिली, लाइनमनने नवा मीटर बसवला, तिन्ही फेज तपासून दाखवल्या. मी जिंकले. शिंप्याने अभिनंदनही केलं, मूर्खाने. पाठोपाठ लिफ्टवाला टेप घेऊन हजर. घरात माणसं किती, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, एक. आणि ती जिना चढते. त्याला परत पाठवलं.

एवढ्याशा कामाला दोन महिने लावले म्हणून साहेबांच्या नावाने मी आजही बोटं मोडते, त्यांनी ते कमावलं आहे. पण तू विचारलेलं साधं होतं. हो किंवा नाही, एका शब्दात संपलं असतं. तुला उत्तर द्यायचं सोडून मी अख्ख्या खात्याला उत्तरं देत बसले. मला वाटत होतं, बहिणीला अडगळीच्या खोलीत ठेवलं तर लोक काय म्हणतील. कोणते लोक, ते आता आठवतही नाहीत.

तिकडे दिवसभर घरात कुणी नसतं, तेव्हा काय करतेस? गुडघ्यांचं काय ते पहिल्या ओळीत लिही. सुनेला आशीर्वाद.

लोभ आहेच, हे मला ठाऊक आहे. तरी लिहून कळव.

तुझी,
ताई