बावखलं डब्यात अडकली

रविवार, १२ नोव्हेंबर २००६

उद्या सकाळी मित्राला, दत्तूला, त्याचं जागा टिपणारं जीपीएस यंत्र परत द्यायचं. गावातली अकरा बावखलं, म्हणजे आमची जुनी तळी, आठवडाभर पायी फिरून मी त्यात नोंदवली. ती ब्लूटूथने घरच्या संगणकावर काही उतरेनात. तासभर पडद्यावर एकच, ‘शोध सुरू आहे’. मी आपला शाळेतल्या कविता पुटपुटत बसलो. नोंदी गेल्या तर पुन्हा एवढं चालवेल का मला?

शेवटी सूनबाई आली. "बाबा, यंत्र कुठाय?"

"हे काय, डब्यात."

खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून आमच्याकडे घड्याळापासून सेलपर्यंत सगळं स्टीलच्या डब्यात. यंत्र चालू करून मी वर झाकणही घट्ट लावलेलं!

"अहो, लाडू आहेत का ते? स्टीलमधून लहरी बाहेर कशा येणार?"

झाकण काढलं आणि दोन मिनिटांत जोडणी झाली. स्टीलचा डबा! हसू आवरेना.

पडद्यावरच्या नकाशावर अकराही ठिपके उमटले. शाळेमागचं बावखल गेल्या महिन्यात बुजवलं. तिथली नोंद मी मातीच्या ढिगावर उभा राहून केली होती. तेही आलं.

"याला नाव काय देऊ?" सूनबाईने विचारलं.

"पोहायचं बावखल," म्हटलं. आम्ही पोरं तेच म्हणायचो.

तिने तसंच लिहिलं.