बोंबलाचा तुकडा

३ एप्रिल
वडखळच्या नाक्यावर माझा बॅनर! ‘हळदीची राणी प्रणिता’! निकेशने गाडी थांबवून बॅनरसोबत सेल्फी काढला. जिवंत बायको गाडीत बसलीय, तिच्यासोबत नाय काढला.

५ एप्रिल
माझं ‘बोंबलाचा तुकडा’ वाजत नाय अशी हळद पेण ते रोहा शोधून दाखवा.

सासूच्या कमरेला चावीचा गो जुडगा,
मोजून वाढते बोंबलाचा तुकडा!

बायका विचारतात, सुचतं कसं गो तुला? सुचायला कशाला लागतं! सुक्या मासळीचा डबा आमच्याकडे कपाटात, कपाटाला कुलूप, आणि चावी सासूबाईंच्या कमरेला. रोज बघतेय. हे फक्त निकेशला माहीत. त्याने आईची शपथ घेतलीय — जिच्यावर गाणं, तिचीच!

८ एप्रिल
मेले! सासूबाई भाकऱ्या थापताना तेच गाणं गुणगुणत होत्या. माझ्या हातून परात पडली. म्हणाल्या, “तुझ्या आयेवर केलंस ना गो? गडबला तुझ्या माहेरी जेवले तवाच मला कळला.”

आणि मी मान डोलावली! माझी आये — पाहुण्याच्या ताटात अख्खं कालवण ओतणारी!

भित्री ती भित्रीच मी. पण करू काय? कार्यक्रमाला निघाले की मनालीला त्याच सांभाळतात. पोरगी दोन वर्षांची, दुसऱ्या कोणाकडे राहत नाय. सासूबाई रुसल्या की माझं गाणं संपलं.

११ एप्रिल
आयेचा फोन. सासूबाईंनी तिला कळवलंसुद्धा! “मी तुला तुकडा मोजून दिला व्हता? कधी गो?” पुढे काही बोलायच्या आत फोन कट.

१९ एप्रिल
पुढच्या रविवारी धाकट्या दिराची, अमोलची हळद. “वैनी, बोंबील पायजेच! सगळ्या पोरांना सांगून ठेवलाय.” म्हटलं, घसा बसलाय.

२० एप्रिल
घसा बसलाय म्हणून सासूबाईंनी काढा दिला. कडू जहर! समोर उभं राहून संपवायला लावला.

२३ एप्रिल
अजून काढा. घसा इतका छान कधीच नव्हता.

२८ एप्रिल
लग्न पार पडलं. आता सवड झाली.

हळदीला मांडव भरलेला. आये गडबहून आलेली, तोंड फुगवून एका कोपऱ्यात. पोरं ओरडतायत — बोंबील! बोंबील! पळायला जागा नाय. घेतला माइक. पहिली ओळ संपते न संपते, तोच सासूबाई उठल्या. चाव्या खळखळल्या. सरळ माझ्यापर्यंत आल्या आणि माइक काढून घेतला. मग त्यांनी सूर लावला —

सून माझी गाणेवाली, फिरते गावोगाव,
चुलीवरच्या भाताला इचारते, तुझा काय नाव!

मांडव फुटला नुसता! निकेश तर खुर्चीवरून पडला, मेला. एकावर थांबल्या असत्या तर! माझ्या करपलेल्या भाकरीवर एक कडवं, माझ्या झोपेवर एक. आवाज असा खणखणीत की मला लाज वाटली माझ्या माइकची.

मग आयेकडे वळल्या. “विहीणबाई, तुमच्यावर नाय व्हता तो गाना. माझ्यावरच हाय. पयल्या दिवसापासून कळलाय मला.”

“मग बोलला का नाय?” मी कसंबसं विचारलं.

“हळदीच्या गाण्याचा जबाब घरात देतात काय? मांडवात देतात. मांडव उभा व्हायची वाट बघत व्हते, तवर तुमची जरा गंमत केली.”

आये हसून हसून रडली. मीपण रडले. इतके दिवस फुकट घाबरले! आणि खरं सांगते, त्या रात्री मला त्या फार आवडल्या.

९ मे
हळदीचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आज पेणला रेकॉर्डिंग. गाणार सासूबाई. मी कोरसला! मनाली पहिल्यांदाच माझ्या आयेकडे. दोघी विहिणींनी परस्पर ठरवलं.

सासूबाई माइकपुढे उभ्या राहिल्या, थांबल्या, कमरेचा जुडगा सोडला आणि माझ्या हातात दिला.

“ठेव गो तुझ्याकडंच. रेकॉर्डिंगात वाजतो.”