अर्धी वाटी, दोन बोटं जास्त

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार आता नुसता लिहिण्यापुरता उरलेला नाही. पूर्वी मी साष्टांग घालायला गेलो की पोट तेवढं जमिनीला टेकायचं आणि बाकीची सात अंगं अधांतरी राहायची. आता आठही टेकतात. ऑपरेशनचा हा फायदा आधीच सांगून टाकतो, कारण पुढे फायद्यांकडे वळायला सवड मिळेल असं वाटत नाही.) आपली प्रकृती कशी आहे? गुडघे, धाप, आणि जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरच्या चित्राचं कौतुक करायची सवय हे सगळं पूर्वीसारखंच असेल, असं धरून चालतो. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. ठीक म्हणजे कसं, ते पुढे वाचालच.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हालाही हेच पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलंय, आणि तू करून बसला आहेस तर खरं काय ते लिही, असं तुम्ही विचारलंत. मामा, तुम्ही चुकीच्या माणसाला विचारलंत. मी शिंपी. मला या प्रकरणातली गोम पहिल्या दिवशीच कळायला हवी होती. सर्जनसाहेबांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, मधून एक रेघ मारली आणि म्हणाले, हा एवढा भाग काढायचा आणि उरलेल्याची कड शिवायची. मी मनात म्हटलं, अरे, हे तर आमचंच काम, पँट कमरेत आत घेण्यासारखं. फक्त एक शंका विचारली, की जास्तीचं आतल्या बाजूला दाबून ठेवणार ना? (आमच्यात आत घेताना कापड कधी कापत नाहीत. आज बारीक झालेला माणूस वर्षभराने पुन्हा फुगून येतो, तेव्हा शिवण उसवून सोडता आलं पाहिजे. जो कापून टाकतो तो शिंपी नव्हे, खाटीक.) साहेब म्हणाले, छे, ते टाकून देतो. मामा, मी तिथेच उठायला हवं होतं. पण अंगावर त्यांचा तो मागून उघडा असलेला झगा चढवलेला होता, आणि त्याची शिलाई इतकी वाईट होती की उठून दाराबाहेर जायची हिंमत झाली नाही.

पुढचे काही दिवस पाणी आणि गाळलेलं सूप, तेही औषधाच्या टोपणाने. त्यानंतर सगळं मिक्सरमधून. मासा घाला, भोपळा घाला, अंडं घाला, बाहेर पडतं ते एकाच रंगाचं आणि भिंतीच्या भेगा बुजवायला चालेल असं. या सगळ्यावर देखरेखीला एक आहारतज्ज्ञ बाई आहेत. लहानखुऱ्या, आवाज गोड, आणि शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एका वेळी अर्धी वाटी. घास तोंडात पाणी होईपर्यंत चावायचा. दोन घासांच्या मध्ये चमचा खाली ठेवायचा. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर लगेच पाणी नाही, गोड तर नाहीच नाही. मी म्हटलं, बाई, आमचं सगळं आयुष्य खाईन तर तुपाशी नाही तर उपाशी यात गेलं, हे मधलं काय काढलंत? त्या हसल्या आणि अर्धी वाटीच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, जेवणाच्या मधल्या वेळात तोंडात काय जातं, खरं सांगा. मी खरं सांगितलं, की टाचण्या. (ट्रायल घेताना टाचण्या ओठांत धरल्याशिवाय माझा हात चालत नाही, तुम्ही पाहिलंयच.) बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सर्जनसाहेबांना फोन लावला. तेव्हापासून मी टाचण्या मनगटाला बांधलेल्या छोट्या गादीला खोचतो आणि दर ट्रायलला गिऱ्हाइकाला एकदा तरी टोचतो.

आता माझी जी फजिती झाली ती धंद्याच्या सवयीने झाली, खादाडपणाने नव्हे, हे कृपा करून तिकडच्या मंडळींनाही सांगा. आमच्यात माप कधी नेमकं कापत नाहीत. कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून दोन बोटं जास्त धरायची, हे मी वस्तादांकडून मार खाऊन शिकलोय. बाईंनी अर्धी वाटी सांगितली. मी विचार केला, सूप निवताना आटतं, वर साय धरते, थोडं वाटीला चिकटून राहतं, म्हणजे पोटात अर्धी वाटी पोचायची तर वाटीत दोन बोटं जास्त हवं. हिशोब चोख होता. दुकानात बसून मी ते दोन बोटं जास्तीचं सूप प्यालो, आणि तेवढ्यात आमचे वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले. मी खांद्यावर खडूची खूण केली, पाठ पाहिली, आणि पोटातून निरोप आला की जागा नाही. मागे धावायला वेळ नव्हता. हाताला लागली ती कोटाची सुटी बाही, अजून जोडायची होती ती. मी तिचा पिशवीसारखा उपयोग केला. वकीलसाहेब भले माणूस. एका हाताचा कोट घालून शांतपणे उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, की आता ही धुणारच आहात तर दुसरीही धुऊन घ्या, म्हणजे दोन्ही सारख्या आटतील. त्यांचा कोट आमच्याकडचा तो शेवटचा.

त्यानंतर बेकरीवाला. दुकानाला लागूनच त्याची भट्टी, आणि मी त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मी जाईनासा झालो तेव्हा त्याचा समज झाला की मी पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीत जायला लागलो. त्याने तोंड फिरवलं. मला ते सहन होईना. एक दिवस मुद्दाम गेलो, त्याच्या देखत केकचा एक तुकडा घेतला, आणि त्याच्या समाधानासाठी खाल्ला. (लहान होता हो. बटणं ठेवायच्या डबीएवढा.) थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, हातपाय लटपट. त्याने आणि मी मिळून मला दुकानात आणलं आणि कापायच्या टेबलावर आडवं केलं. साखर या नव्या पोटाला झेपत नाही हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. त्याला वाटलं केकच बिघडलाय. बिचाऱ्याने जाऊन आख्खा ट्रे टाकून दिला. मी शुद्धीत येऊन खरं सांगितलं, तेव्हापासून तो अजिबातच बोलत नाही. करायला गेलो काय आणि झालं काय!

पण मामा, उलट्या, घाम, गिऱ्हाइकं, हे चालायचंच. मला खरं लागलंय ते घरात, आणि ते तुम्हालाच सांगतो. आम्हा दोघांचा संसार जेवणाच्या टेबलावर झालाय. दिवसभर मी दुकानात, ती शाळेच्या कचेरीत. ती ताट वाढायची आणि घासागणिक एकेक बातमी द्यायची, हेडमास्तर काय बोलले, कोणाच्या आईने येऊन कसं भांडण काढलं. मी हसायचो आणि अजून थोडं वाढून घ्यायचो. माझं पोट वाढलं त्यात निम्मा वाटा तिच्या हेडमास्तरांचा आहे. ऑपरेशननंतरही सुरुवातीला ती समोर बसायची. पण तिचं जेवण चटकन आटपणारं, आणि मी एकेक घास चावत बसलेला. तिचं झालं की मीही वाटी सरकवून उठायचो. एकट्याने जेवायची मला सवयच नाही. सुट्टीत तुमच्याकडे यायचो तेव्हा तुम्ही येईपर्यंत मी ताटाला हात लावत नसे, आठवतं? आहारतज्ज्ञ बाई रागावल्या, की अंगात ताकद देणारं काही जातच नाहीये, केस गळायला लागलेत, असंच चाललं तर पुन्हा दवाखान्यात आणून सलाइन लावावं लागेल. आणि मग एक दिवस ही आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. म्हणाली, तुम्ही सावकाश खा, मला ओट्याशी बरं पडतं.

तेव्हापासून हे असं आहे. मी बाहेर अर्धी वाटी घेऊन, ती आत उभी, मध्ये लोटलेलं दार. माझ्यासमोर भरलं ताट घेऊन बसायची तिला चोरी वाटते, दुसरं काय? स्वतःच्या घरात ती चोरासारखी जेवते, आणि मी हे पोट कापून घेतलं म्हणून जेवते. आणि किती वेळ जेवते! चमच्याचा आवाज येतच राहतो. पूर्वी झटपट उरकणारी बाई आता इतका वेळ काय खाते कोण जाणे. खाऊ दे बिचारी, चांगलंचुंगलं करून खाऊ दे, पण दाराआड का? मी आपला तिचा चमचा वाजतोय तोवर मुकाट्याने चावत बसतो. वाटी हल्ली संपते, आहारतज्ज्ञ बाई खूश आहेत, सलाइनचा विषय निघत नाही. मी मात्र खूश नाही. वजन गेलं त्याचं मला काही वाटत नाही. समोरची खुर्ची रिकामी झाली, त्याचं फार वाईट वाटतं. एकदा विचारलं, तर म्हणाली बसून पाठ दुखते. पुढे कोणत्या तोंडाने बोलू?

तर मामा, स्पष्ट सांगतो, तुम्ही ऑपरेशन करून घेऊ नका. गुडघे काय, दुखतातच. पत्र लांबलं, क्षमा असावी. प्रकृतीला जपा आणि पोटभर जेवा.

आपला भाचा
(आता निम्मा)

ता. क. वर लिहिलं ते पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. माझी साखर ताळ्यावर आली आहे, औषधं जवळजवळ सुटली, जिना मी न थांबता चढतो. तुम्ही ऑपरेशन जरूर करून घ्या. तुम्ही आम्हाला हवे आहात.

ता. क. दुसरा. पण इतक्यात नको. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आपल्या सगळ्या गोतावळ्यात दोन-दोन तास गप्पा मारत जेवणारे आता तुम्ही एकटेच उरलात. आधी इकडे राहायला या. पाहुणा टेबलाशी जेवत असताना हिला ओट्याशी उभं राहता येणार नाही, मुकाट्याने बसावं लागेल. मला तेवढंच हवंय. खरं कारण तिला कळू देऊ नका, कोटाचं माप द्यायला आलो म्हणा. पाकिटावर पत्ता तीच घालते, तिचं अक्षर चांगलं आहे, म्हणून पत्र घट्ट दुमडून देतो आहे.

मामा, भाचेसुनेचा नमस्कार. घट्ट दुमडलेलं पत्र आमच्या घरातून याआधी कधी गेलं नव्हतं, म्हणून उघडलं. रागावू नका. यांच्यासमोर जेवायची मला कसलीही चोरी नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कसली चोरी? माझं ताट संपलं की हे वाटी सरकवतात, निम्मं तसंच टाकून. सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, ऐकत नाहीत. म्हणून मी आत जाते. माझं जेवण तर केव्हाच झालेलं असतं. मग दाराच्या फटीतून यांची वाटी संपेपर्यंत बघत मी रिकाम्या ताटात चमचा वाजवत उभी राहते. थांबले की हे थांबतात. यांना यातलं काही सांगू नका, नाहीतर पुन्हा त्या आवाजावर जेवणार नाहीत. तुम्ही मात्र लवकर या, आणि खूप सावकाश जेवा. तेवढा वेळ मलाही खाली बसता येईल. पाय फार दुखतात हो.