मी जागी होते

दाभोसा,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय पंकजदादा,

तुला आणि सोनीवहिनीला नमस्कार, छोटीला पापा. भात कापून झाला, झोडणी राहिली आहे. बाबांचा खोकला कमी आहे. फोन केला नाही कारण घशात नळी घातली होती, आवाज अजून फुटत नाही. शेजारचा तुषार तिकडे भिवंडीला कामावर निघालाय, त्याच्याजवळ ही चिठ्ठी देते.

घाबरू नकोस. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पोट दुखायला लागलं तेव्हा बाबा घरी नव्हते. जवळ एक माणूस होतं, त्यानेच जीपने दवाखान्यात नेलं. ऑपरेशन नीट झालं.

पण मी उठले नाही. म्हणजे, जागी झाले होते. सगळं ऐकू येत होतं. पापणी उचलायला गेले, उचलेना. बोट हलेना. श्वास घ्यायला गेले तर छाती हललीच नाही. सिस्टर रबरी फुगा दाबून माझ्या छातीत हवा भरत होती. फुगा थांबला की मी संपणार, हे मला कळत होतं, आणि ओरडता येत नव्हतं.

डॉक्टरांनी बाहेरच्या माणसाला आत बोलावून विचारलं, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का. आता सांगते, ते माणूस रुपीमावशी होती.

तिला गप्प राहता आलं असतं. आईला ऑपरेशनला हिनेच नेलं, हिनेच मारलं, हे ती इतकी वर्षं ऐकते आहे. तरी ती म्हणाली, "हिच्या आयला पन असाच झालता. ती मंग उठलीच नाय." मग माझ्या तोंडाजवळ वाकली आणि म्हणाली, "डॉक्टर, डोल्यातून पानी येतं. पोरगी जागी हाय."

या डॉक्टरांनी ऐकलं. मला लगेच झोपेचं औषध दिलं आणि गाडीत घालून नाशिकला नेलं. वाटेत सिस्टरचे हात भरून आले तेव्हा तिने दाखवलं तसा मावशीने फुगा दाबला. नाशिकला मशीनवर ठेवलं. संध्याकाळी माझं बोट हललं.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. नस स्नायूला निरोप देते तिथे स्नायूवर अगदी बारीक दारं असतात. ऑपरेशनच्या वेळी नळी घालायला जे औषध देतात ते ती दारं उघडीच धरून ठेवतं, मग स्नायूला नवा निरोप घेताच येत नाही. बाकीच्यांच्या रक्तात ते काही मिनिटांत मोडतं. माझ्या रक्तात मोडत नाही. हे आईबापांकडून येतं, भावंडांतही असू शकतं.

तुझं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे ना? आधी रक्त तपासून घे. भूल देणाऱ्याला माझं आणि आईचं सांग, सोबतचा डॉक्टरांचा कागद दाखव. लाजू नकोस, विसरू नकोस.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. आईच्या वेळी मशीन नव्हतं. फुगा दाबून दाबून दवाखान्यातले शेवटी थांबले. तेव्हाही मावशी सांगत होती, हिच्या डोळ्यातून पाणी येतंय, ही जागी आहे. कुणी ऐकलं नाही. घरी आल्यावर तू तिला खोटारडी म्हणालास, अंगणातून हाकललंस. मी लहान होते, पण ते आठवतं. तू तरी काय करणार होतास, आपली आई गेली होती.

मी मावशीला विचारलं, आई खरंच जागी होती का. ती उठून फणी घेऊन आली. माझे केस विंचरत बसली.

ती इथेच आहे, मला उठताबसता येईपर्यंत राहणार आहे. तुला लिहिलंय हे तिला माहीत नाही. ऑपरेशनच्या आधी एकदा ये. तिला काही म्हणायचं सुचलं नाही तर नुसता तिच्याजवळ बस.

ती खोटं बोलत नव्हती, दादा.

तुझी,
प्रमिला