रिकाम्या हातांची रांग

प्रिय रेलिन,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला हे फाडून टाकावंसं वाटेल, ते मला ठाऊक आहे. फाडू नकोस. आणि सोबतचं खोकं आधी उघडू नकोस. मी जन्मभर शेवटची गोष्ट आधी सांगून मजा घालवणारा माणूस, पण आज मला क्रमानं सांगायचंय. क्रम सोडला तर मी मधूनच पळ काढीन, आणि मला पळ काढता येतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

परवा गुरुवारी कोर्ट आहे. ओपल तुझ्याकडे परत येणार की कायमची माझ्या आईकडेच राहणार, ते ठरणार. माझ्या आईनं तर खोली रंगवून ठेवलीय, पिवळी. पडद्यांवर बदकं. तिचा वकील म्हणतो, "पोरा, तुला खोटं काही बोलायचंच नाही. पार्कमध्ये नळी जवळ नव्हती, एवढं सांग आणि खाली बस. बाकीचं मी बघतो." नळी म्हणजे ओपलच्या दम्याच्या पंपाला लावायची ती जाड पोकळ नळी, तोंडावर बसणाऱ्या रबरी मास्कची. तिच्यावर तूच हिरवा बेडूक चिकटवलास, म्हणजे पोर घाबरणार नाही. आजारी मुलीला आईनं नळीशिवाय प्रवासाला धाडलं, यावर त्यांचा अख्खा अर्ज उभा आहे. त्यात कोंबड्यांच्या कारखान्यातल्या पाळ्यांमुळे तुझ्या दोनदा चुकलेल्या डॉक्टरच्या वेळाही घातल्यात. कोंबड्या साफ करणाऱ्या बाईला सुट्टी कोण देतो, हे मात्र अर्जात कुठं नाही.

सामानाचं सांगतो. तुला आठवतं, मी लुइझियानात वादळानंतर छपरं ठोकायला गेलो होतो? तिथं हॉलिस नावाचा म्हातारा होता, तोंडात कायम खिळे. तो म्हणायचा, "दोन दिवसांत जी वस्तू लागली नाही ती तुझी नाहीच, टाक." तेव्हापासून माझा सगळा संसार एका पिशवीत. तीन शर्ट, हातोडी, दात घासायचा ब्रश, तोही अर्धा कापलेला. हॉलिस पुढं छपरावरून पडला, पण ती वेगळी गोष्ट. सांगायचं हे, की मला त्या पिशवीचा गर्व होता. गावागावांत लोक मोठमोठ्या बॅगा ओढताना दिसायचे आणि मला वाटायचं, यांना जगता येत नाही.

आणि तू! स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओपलची सॅक भरत होतीस. एकेका दिवसाची एकेक झिपची पिशवी, वर मार्करनं वाराचं नाव. आत कपडे, मोजे, केसांचं रबर, त्या दिवसाचं जे काय ते. फ्रिजवर यादी, आणि एकेक वस्तू आत गेली की बरोबरची खूण. मी हसलो. म्हणालो, "चार दिवस चाललीय ती, चंद्रावर नाही." तू वर न बघता म्हणालीस, "तुझं आयुष्य एका पिशवीत मावतं गॅरेट, तिचं नाही मावत. सॅक विस्कटू नकोस, मी सगळं हिशेबानं लावलंय." मी सलाम ठोकला. ओपलनंही ठोकला. फ्लोरिडातल्या त्या पाळण्यांच्या पार्कची तिकिटं मला एका मालकानं दिली होती, त्याची पोरं मोठी झाली म्हणून. वर्षातनं अकरा दिवस मी तिला बघितलं असेन, आणि एकदम चार दिवस मिळत होते. मला चांगला बाप म्हणून दिसायचं होतं. कुणाला दिसायचं होतं कोण जाणे. तुला, बहुतेक.

फ्लोरिडापर्यंत पोरीनं तोंड मिटलं नाही. मगरींना थंडी वाजते का? माणूस झोपला की त्याचं नाव कुठं जातं? रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा घेतल्या, तिनं टरफलं माझ्या टोपीत भरली. पहिले दोन दिवस तुझ्या शिस्तीत गेले. म्हणजे जवळजवळ. रेनकोट मी मोटेलवरच टाकला, दुसरा स्वेटरही.

बुधवारी पार्किंगमध्येच माझं डोकं फिरलं. दारावर दोन रांगा असतात. एक सामानवाल्यांची. त्यात बाबागाड्या, बर्फाच्या पेट्या, घामाघूम बाप, आणि टेबलावर प्रत्येकाची बॅग उघडून तपासणारी माणसं. आणि शेजारी दुसरी रांग, रिकाम्या हातांची. तिथं कुणी थांबतच नव्हतं, वाऱ्यासारखे आत. दोन दिवस आम्ही पहिल्या रांगेत भाजलो होतो. मी ओपलला म्हटलं, "आज आपण त्या रांगेतनं जायचं." सॅक उघडली, बुधवारची पिशवी बाहेर काढली, आणि खिशात मावेल तेवढंच घेतलं. पाण्याची बाटली, बिस्किटं, एक चड्डी, पंप. माझे खिसे असे फुगले की ओपल म्हणाली, "डॅडी, तू बदकासारखा चालतोस." आम्ही खरंच वाऱ्यासारखे आत गेलो. सामानवाल्यांकडे बघून मी हातसुद्धा हलवला, रेलिन.

तिला तो मोठा पाळणा हवा होता, ज्याच्या दारात उंची मोजायची काठी असते. पहिल्याच दिवशी ती बोटभर कमी पडली होती. म्हणून सकाळी तिनं माझ्याकडून डोक्यावर अंबाडा घालून घेतला, तू शिकवलास तसा, उंची वाढावी म्हणून. रांग दीड तासाची. ऊन. मी तिला निळा बर्फाचा गोळा घेऊन दिला. मग खोकला सुरू झाला. तो खोकला, जो ऐकला की तू शेजारच्या खोलीतून हातातलं टाकून येतेस. मी पंप तिच्या तोंडात धरून दाबला. पांढरी वाफ अर्धी बाहेरच आली. पुन्हा दाबला. ती म्हणाली, "कडू लागतंय." मला वाटलं, कडू लागतंय म्हणजे गेलं आत. सहा वेळा दाबला. मागं एक आजीबाई होत्या, ओहायोच्या, त्या म्हणाल्या, "अरे बाळा, लेकराला बाहेर ने." मी म्हटलं, "होईल ठीक, मॅम. नेहमीचंच आहे." नेहमीचंच! जणू मी नेहमी असतो.

पुढं चाळीसएक माणसं होती. ती काठीपाशी गेली, टाचा टेकवून ताठ उभी राहिली. अंबाड्यासकट पुरली. तिथला पोरगा म्हणाला, "वा, पास!" ती हसली. तिचे ओठ निळे होते. मला वाटलं, बर्फाचा गोळा.

मग ती खाली बसली, आणि उठली नाही.

औषधांची पेटी घेऊन पार्कमधली एक बाई धावत आली. चांगली बाई होती. काम करता करताच तिनं विचारलं, "हिची नळी कुठंय? या वयाच्या पोरांना नळीशिवाय औषध छातीत उतरत नाही, जिभेवरच राहतं." मी म्हणालो, "तिच्या आईनं दिलीच नाही." एवढंच वाक्य. तिनं ते लिहून घेतलं. तिच्या कागदावरनं ते हॉस्पिटलात गेलं, हॉस्पिटलातनं माझ्या आईकडे, आणि आईकडनं कोर्टात.

पुढचे नऊ दिवस तू तिथंच होतीस, ते मी तुला काय सांगणार. घशात घातलेल्या त्या नळ्यांनी तिचा आवाज बसला तो बसलाच. पाच वर्षांच्या पोरीला तंबाखू ओढणाऱ्या म्हातारीचा आवाज. तू कॉरिडॉरमध्ये तुझ्या बहिणीला, टेसला, सांगत होतीस, "मी ठेवली होती." तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "ठेवली होती ना गं?" घरी परतल्यावर म्हणालीस, "विसरलेच असेन." कॉरिडॉरमध्ये दोन्ही वेळा मी तिथं उभा होतो, हातात मशीनची कॉफी. टेस सांगते, तू सगळे कप्पे उपसलेस, वॉशिंग मशीनचा पाइप काढलास, सोफ्याच्या उशा उसवल्यास. कामावरनं आलीस की अजून शोधतेस. फ्रिजवरच्या यादीत नळीपुढं खूण आहे, ती तू तुझ्या वकिलाला दाखवलीस, तर तो म्हणाला, खूण काय, नंतरही करता येते. आणि आता तुझाच त्या खुणेवर विश्वास उरला नाही.

परवाच्या रविवारी कोर्टानं पाठवलेली बाई माझ्या आईकडे आली होती. ओपलशेजारी जमिनीवर बसली, रंगीत खडू काढले, घराचं चित्र काढायला लावलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझी बेडकाची नळी आईनं सॅकमध्ये ठेवली होती का गं?" ओपलनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला आठवत नाही." बाईनं लिहून घेतलं. सगळे लिहूनच घेतात. बाई गेल्यावर ती माझ्या मांडीवर चढली, कानाला तोंड लावलं, आणि त्या खरखरीत आवाजात म्हणाली, "डॅडी, मी बेडकाचं सांगितलं नाही." माझी आई दारातनं म्हणाली, "काय गुणाचं लेकरू आहे." मी उठून मागं पेकनच्या झाडाखाली लावलेल्या पिकअपमध्ये जाऊन बसलो.

म्हणून हे लिहितोय. तू नळी ठेवली होतीस, रेलिन. बुधवारच्या पिशवीत, म्हणजे सॅकच्या बरोबर मधोमध, फुटू नये म्हणून मोज्यात गुंडाळून. मी ती काढली. खिशात मावेना. पोकळ गोष्ट, एवढी जागा खाते, पंप आहे ना, मग ही कशाला, असं मला वाटलं. ओपल म्हणालीही, "डॅडी, बेडूक पण येऊ दे." मी म्हणालो, "बेडूक गाडी सांभाळेल." आणि पिकअपच्या सीटखाली सरकवून दिली. मी विसरलो असं समजू नकोस. पार्कमधल्या त्या बाईनं विचारलं त्याच क्षणी मला ती सीट दिसली, काचेतनं तिच्यावर पडलेलं ऊन दिसलं, आणि तरी मी तुझं नाव घेतलं. खोक्यात ती आहे, त्याच पिशवीत, वर तुझ्या अक्षरात बुधवार. हेच सगळं मी आज सकाळी तुझ्या वकिलापुढं लिहून सही करून आलोय. ते कळल्यावर माझ्या आईनं माझी पिशवी दाराबाहेर आणून ठेवली. गुरुवारी मी कोर्टात उभा राहून पुन्हा सांगीन, आणि त्यानंतर मला ओपलला भेटू देतील असं वाटत नाही. भेटू देऊही नये. पण ती माझ्यासाठी खोटं सांभाळत बसलीय, ते तेवढं तिच्याकडून काढून घे. तिला सांग, बेडकाचं डॅडीनंच सांगून टाकलं, आता तिनं कुणालाही सांगितलं तरी चालेल. आणि तू आता शोधू नकोस.

ओपलचा बाप, आणि एके काळचा तुझा माणूस,
गॅरेट